तिसरा पाद : अनिश्चित काळात लहान आस्थापनेचे नेतृत्व

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय म्हणजे खुड्डाकचतुष्पाद. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद, प्रत्येकाचे चार गुण, असे एकूण सोळा गुण आपण सर्वांनीच परीक्षेसाठी पाठ केलेले आहेत. मात्र व्यवसायात पंधरा-वीस वर्षे घालविल्यानंतर हा अध्याय पुन्हा वाचला, की आचार्यांनी तेथे एका चालत्या आस्थापनेचेच वर्णन केले आहे असे जाणवते. माती, दंड, चक्र, सूत्र सर्व काही आहे, पण कुंभार नाही, तर घट होत नाही, हा दृष्टान्त तेथलाच. वैद्याला तेथे तीन विशेषणे लाविली आहेत : विज्ञाता, शासिता आणि योक्ता. द्रव्याचे ज्ञान असणारा, उपस्थात्याला मार्गदर्शन करणारा आणि रुग्णाच्या ठिकाणी औषधाची योजना करणारा, असा त्यांचा आशय. विज्ञाता होण्याचे शिक्षण आपल्या महाविद्यालयांनी पुष्कळ दिले. योक्ता होणे आंतरवासीय काळात थोडेफार साधले. शासिता कसे व्हावे हे मात्र कोठेच शिकविले जात नाही.

आणि तरीही बी.ए.एम.एस. होऊन एखाद्या लहान गावात पाटी लावलेला वैद्य पाच-सात वर्षांत चार-पाच माणसांचा मालक होऊन बसतो. औषधे बांधून देणारा, पंचकर्माचे दोन साहाय्यक, काढे-तेले सिद्ध करणाऱ्या मावशी, नोंदी व हिशेब पाहणारी एखादी मुलगी. या मंडळींचे घर आपल्या दवाखान्यावर चालते. काळ सुरळीत असेल तेव्हा हे ओझे जाणवत नाही. काळ बिघडला की सर्वप्रथम तेच जाणवते. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे की, उद्या काय होणार हे ठाऊक नसताना या चार-पाच जणांना बरोबर घेऊन ठरलेल्या उद्दिष्टाकडे कसे जावे.

अनिश्चितता म्हणजे काय हे लोणंदच्या वैद्याला निराळे सांगावे लागत नाही. आमचे गाव कांद्याच्या बाजारपेठेचे. कांद्याचा भाव आणि पंचकर्माची नोंदवही यांचा संबंध येथे नाडी आणि श्वासाइतका निकटचा आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच थांबली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण शुल्क राहिले. ते पुढे २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेले. या दीड-पावणेदोन वर्षांत शेतकऱ्याच्या घरातील कोणते खर्च पुढे ढकलले गेले असतील याची कल्पना वाचकांनी करावी. ज्वराचे औषध कोणी पुढे ढकलीत नाही. वसंतातील वमन आणि गुडघ्यांवरची जानुबस्ती मात्र ‘पुढल्या साली बघू’ या वर्गात जाते. दिल्लीतील एका अधिसूचनेने लोणंदमधील पंचकर्म साहाय्यकाचे काम निम्मे होते आणि त्यावर आपला कोणताही उपाय नसतो.

अशा वेळी व्यवस्थापनावरील पुस्तके वाचावीत असा सल्ला मिळतो. त्यांतील बहुतेक दाखले परदेशातील प्रचंड कंपन्यांचे असतात. पाच माणसांच्या दवाखान्याला ते लागू करणे म्हणजे हत्तीची मात्रा शेळीला देण्यासारखे आहे. वास्तविक आपल्या दाराशीच एक उत्तम दाखला आहे. लोणंदहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. वाठार मागे पडले की सातारा रोड लागते. धनजीशा कूपर यांचा नांगरांचा कारखाना तेथला. पुढे कराडचे स्थानक ज्या ओगलेवाडीत आहे, तेथे १९१६ साली निघालेल्या काच कारखान्याचे ‘प्रभाकर’ कंदील एके काळी घरोघरी होते. (कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेच्या कामाला पूर्णपणे वाहून घेण्यापूर्वी ओगले, किर्लोस्कर आणि कूपर या तिन्ही उद्योगांशी संबंध ठेवून काम केले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) ताकारी ओलांडले की किर्लोस्करवाडी. आपला दाखला येथला आहे.

किर्लोस्करवाडी आज ज्या नावाने ओळखली जाते ते नाव १९१० पूर्वी नव्हते. होते ते फक्त कुंडल रोड नावाचे आडबाजूचे स्थानक आणि निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट असलेला माळ. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा बेळगाव येथील कारखाना नगरपालिकेला जागा हवी म्हणून हलवावा लागणार होता. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोडजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव, त्यांचे बंधू रामूअण्णा आणि सुमारे पंचवीस कामगारांची कुटुंबे त्या माळावर आली. मोठा उद्योगसमूह नंतरचा. त्या दिवशी तेथे होती ती पंचवीस घरे आणि एक उद्दिष्ट : शेतकऱ्याच्या हाती चांगले लोखंडी अवजार देणे.

हे उद्दिष्ट सहज साध्य होणारे नव्हते. लोखंडाच्या नांगराने जमिनीला विष चढते अशी समजूत शेतकऱ्यांत होती. बेळगावच्या दिवसांत पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली असे त्या उद्योगाच्या इतिहासात सांगितले जाते. पुढे पहिले महायुद्ध आले आणि कच्चे लोखंड मिळेनासे झाले. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या, ही हकीकत आमच्या भागात आजही सांगितली जाते. तोफांचे नांगर झाले, यातील काव्य बाजूला ठेवून त्यातील चिकित्सा पाहावी. उद्दिष्ट बदलले नाही, द्रव्य बदलले. चरकांनी द्रव्याचे जे चार गुण सांगितले त्यांतील ‘अनेकविधकल्पना’ हा तो गुण. एकाच द्रव्यापासून स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट करता आले पाहिजेत. लक्ष्मणरावांच्या कारखान्यातून नांगराबरोबर कडबा कापण्याची यंत्रे निघाली, ऊस गाळण्याचे चरक निघाले (आचार्यांचे नाव असे गुऱ्हाळापर्यंत पोहोचले म्हणावयाचे!), शेंगा फोडण्याची यंत्रे निघाली. १९२० साली कंपनी मर्यादित झाली, १९२६ मध्ये पाण्याचा केंद्रोत्सारी पंप झाला. मागणी एकीकडून आटली तर दुसरीकडे तीच भट्टी, तीच माणसे कामाला लागावीत अशी ही रचना होती. १९४८ च्या आरंभी, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत हा कारखानाही सापडला. तो पुन्हा उभा राहिला.

मला या साऱ्यात सर्वांत अधिक विचार करावासा वाटतो तो तिसऱ्या पादाचा. उपस्थात्याचे चार गुण आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. काम येणे, ते तत्परतेने करणे, ज्याच्यासाठी करावयाचे त्याच्याविषयी जिव्हाळा असणे आणि शुद्धता. या यादीत कुल नाही, प्रमाणपत्र नाही. किर्लोस्करवाडीची जी माणसे प्रसिद्ध झाली त्यांच्याकडे या दृष्टीने पाहावे. शंभोराव जांभेकर निश्चित मार्ग न सापडलेले गृहस्थ. ते उत्तम व्यवस्थापक झाले. के. के. कुलकर्णींना महाविद्यालयात यश मिळाले नव्हते. मालाच्या विक्रीसाठी त्यांनी मुलूख पालथा घातला. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली. यंत्रांच्या बाबतीत त्यांची कल्पकता विलक्षण ठरली. आणि वसाहतीच्या राखणीला तुकाराम रामोशी व पिर्‍या मांग हे, ज्यांच्यावर दरोडेखोरीचा शिक्का होता. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले जाण्याचा तो काळ होता, हे ध्यानात घेतले म्हणजे तिजोरीची राखण कोणाच्या हाती दिली याचे मोल कळते.

आपण काय करतो? साहाय्यक निवडताना पदविका पाहतो, ओळख पाहतो, कमी पगारावर कोण येतो ते पाहतो. अनुराग पाहण्याची आपली रीतच नाही. वास्तविक तो पाहणे कठीण नाही. स्नेहनाच्या वेळी वृद्ध रुग्णाला कुशीवर वळविताना हात कसा लागतो, एवढे एक आठवडाभर पाहावे. ज्याचा हात हळुवार आहे त्याला नाडीस्वेद, पिंडस्वेद शिकविता येतो. ज्याला सर्व स्वेद येतात पण हात लाकडासारखा आहे, त्याला हळुवारपणा शिकविणे मला तरी साधलेले दिसत नाही. अनिश्चित काळात तर हा भेद फारच महत्त्वाचा ठरतो, कारण काम बदलावे लागते आणि नवे काम शिकण्याची तयारी अनुरागातून येते, पगारातून नव्हे.

आता उद्दिष्टाविषयी. दहाव्या, म्हणजे महाचतुष्पाद अध्यायात साध्यासाध्यतेचा विचार आला आहे. असाध्य व्याधीला हात घालणाऱ्या वैद्याची अर्थहानी, विद्याहानी व यशोहानी होते असे आचार्य बजावतात. आपण रुग्णाच्या बाबतीत हे पाळतो. व्यवसायाच्या बाबतीत विसरतो. अनिश्चित वर्षाच्या आरंभी उद्दिष्टे मांडताना प्रत्येकापुढे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य की असाध्य हे लिहावे असे मी सुचवीन. बाजार पडलेला असताना नवीन इमारतीत जाणे असाध्य कोटीत टाकावे आणि त्याविषयी बोलणेही त्या वर्षापुरते थांबवावे. जुन्या रुग्णांचा पाठपुरावा सुखसाध्य आहे, त्याला पैसा लागत नाही. परंतु सर्वांत उपयुक्त कोटी याप्याची. सुश्रुताचार्यांनी याप्याला पडू घातलेल्या घराला दिलेल्या टेकूची उपमा दिली आहे. टेकू म्हणजे दुरुस्ती नव्हे, पण टेकू आहे तोवर घर उभे आहे. पंचकर्म विभाग दोन वर्षे नफ्यात येणार नाही, पण बंद केला तर घडविलेले हात जातील आणि पुन्हा मिळणार नाहीत, अशी स्थिती असेल तर तो विभाग याप्य समजावा. त्याच्याकडून नफ्याची अपेक्षा करू नये, त्याला टेकू किती द्यावयाचा ते ठरवावे आणि तेवढाच द्यावा. ही गोष्ट साहाय्यकांनाही स्पष्ट सांगावी. ‘यंदा आपल्याला वाढायचे नाही, टिकायचे आहे’ हे वाक्य ऐकून माणसे खचत नाहीत. वाढीच्या घोषणा भिंतीवर आणि गल्ला रिकामा, हे पाहून खचतात.

किती दिवस टिकावयाचे, हा प्रश्न यातून निघतो आणि त्याला उत्तर आकड्यांतच द्यावे लागते. भाडे, वीज, पगार, हप्ता यांची मासिक बेरीज करावी. हाताशी असलेल्या रकमेला तिने भागावे. जो अंक येईल तेवढे महिने आपले आयुष्य. द्रव्याच्या गुणांत ‘बहुता’ प्रथम सांगितली आहे ती उगीच नव्हे. हा अंक फार थोडे वैद्य काढतात, आणि काढला तरी सहकाऱ्यांपासून लपवितात.

लपविण्यापेक्षा सांगणे हिताचे, असा माझा अनुभव आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली तेव्हा पंचकर्म पूर्ण थांबले. त्या आठवड्यात पाचही जणांना, अंतर ठेवून, ओसरीवर बसविले आणि वही उघडून दाखविली. पूर्ण वेतनाने तीन महिने, अर्ध्या वेतनाने सहा. निर्णय माझाच राहणार होता, पण आकडा सर्वांपुढे होता. बराच वेळ कोणी बोलेना. मग काढे करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “डॉक्टर, अर्ध्या पगारात भागवू, पण घरी बसवू नका. घरी बसलं की माणूस सुटतो.” दुसऱ्या दिवसापासून पंचकर्माचे दोघे संधिवाताच्या जुन्या रुग्णांना दूरध्वनीने विचारपूस करू लागले, घरच्या घरी तेल कसे जिरवावे ते सांगू लागले. गुळवेलीची मागणी वाढून भाव चढलेले होते. मावशींच्या माहितीतील बांधांवरच्या कडुनिंबावरून ती रीतसर विचारून आणली गेली. नोंदी ठेवणाऱ्या मुलीने कोणाचे औषध कधी संपते याची यादी केली. यांतील अर्ध्याहून अधिक कल्पना माझ्या नव्हत्या. रोग्याच्या चार गुणांत ‘ज्ञापकत्व’ आहे, म्हणजे जे होत आहे ते वैद्याला नीट सांगता येणे. तोच गुण सहकाऱ्यांत उत्पन्न करावयाचा असेल, तर आधी वैद्याने स्वतःची स्थिती सांगितली पाहिजे. ‘आज तीनच रुग्ण आले’ हे जो साहाय्यक सहज सांगू शकतो, त्याच्या दवाखान्याला संकट उशिरा कळत नाही.

आणखी एक गोष्ट. व्याधीची लक्षणे गूढ असतील तेव्हा उपशय-अनुपशयाने परीक्षा करावी, हा विमानस्थानातील उपदेश मला अनिश्चित काळासाठी फारच मोलाचा वाटतो. निदान होत नाही म्हणून वैद्य हातावर हात ठेवून बसत नाही आणि तीव्र औषधाची मोठी मात्राही देत नाही. अल्प मात्रा देतो व पाहतो. कांदा पडलेला होता त्या हिवाळ्यात आम्ही बाजाराच्या दिवशी दवाखाना सकाळी सातला उघडून पाहिला. कांदा घेऊन आलेला शेतकरी त्या वेळी येईल अशी अटकळ होती. चार आठवडे, अधिक नाही, असे आधीच ठरविले होते. सकाळी कोणी येईना, कारण त्या वेळी प्रत्येकाचे लक्ष लिलावाकडे. परंतु लिलाव आटोपून पट्टी हाती येईपर्यंतच्या दुपारच्या रिकाम्या वेळात लोक येऊ लागले. अनुपशयाने निदान झाले. दुपारची वेळ ठेवली, सकाळची सोडली. खर्च झाला तो चार सकाळींच्या चहाचा. याउलट सरसकट सर्व पंचकर्मांवर सवलत जाहीर केली असती, तर परिणाम कशाचा झाला हे कळले नसते आणि सवलत मागे घेणेही कठीण गेले असते.

बदल करावयाचा ठरला म्हणजे तो कोणत्या गतीने करावा, हेही आपल्या शास्त्रात सांगितलेले आहे. अहितकर सवय सोडताना व हितकर धरताना पादांशिक क्रम पाळावा, म्हणजे चतुर्थांशाने सोडावे आणि मध्ये दिवसांचे अंतर ठेवावे. सहकाऱ्यांच्या बाबतीत हा नियम अक्षरशः खरा आहे. वीस वर्षे कागदाच्या पुडीत औषध बांधणाऱ्या माणसाच्या हाती एका सोमवारी संगणक देऊ नये. आधी फक्त नव्या रुग्णांच्या नोंदी, पंधरा दिवसांनी औषधांचा साठा, मग देयके. २००० साली औषधनिर्मितीसाठी ‘शेड्यूल टी’ लागू झाले तेव्हा लहान रसशाळांवर बदलाचा असाच प्रसंग आला होता. जागा, उपकरणे, नोंदी, स्वच्छता यांचे निकष आले आणि त्यांना ठरावीक मुदतीत ते पुरे करावयाचे होते. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणारा व बाजारात न विकणारा नोंदणीकृत वैद्य त्या नियमांतून वगळलेला आहे. तरीही औषधाची तुकडी, तारीख आणि करणाऱ्याचे नाव लिहिण्याची सवय ज्याने आपणहून लावून घेतली, त्याच्या साहाय्यकांना पुढचा कोणताही नियम परका वाटणार नाही. शौच हा गुण वैद्य आणि उपस्थाता या दोघांच्याही यादीत आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांकडे पावसाळ्यात काम मंदावते आणि शरदात विरेचनासाठी पुन्हा वाढते. मधल्या मोकळ्या दिवसांत साहाय्यकांना एकमेकांचे काम शिकवून ठेवावे. औषध देणाऱ्याला तेलपाकाची परीक्षा यावी, मावशींना नोंदवही वाचता यावी, नोंदी ठेवणाऱ्या मुलीला स्नेहनाची तयारी करता यावी. आमच्याकडे यासाठी दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेचार दवाखाना बंद असतो. दारावर तशी पाटी आहे आणि रुग्णांनी त्याविषयी आजवर तक्रार केलेली नाही.